‘ह्या वयात कसला गो कॅन्सर?’

चवथीपासून आमच्या फोंड्याच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. मजकूर असा: चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला तर बाई वाचत नाही, साठीनंतरचा कॅन्सर इतका हळू वाढतो की त्याला हातच लावू नये, सगळं वयावर असतं, स्टेजला काही अर्थ नाही, आणि सुई टोचली की तो अंगभर पसरतो.

यातली दुसरी गोष्ट आमच्या घराने भोगली आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

माझ्या मावशीला सदुसष्टाव्या वर्षी आंघोळ करताना उजव्या बाजूला गाठ लागली. फणसाच्या आठळीएवढी, टणक. दुखत नव्हती, म्हणून तिने कुणाला सांगितलंच नाही. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच, पण हे तिला कोण सांगणार? मला कळल्यावर मी मागे लागले, तर म्हणाली, “ह्या वयात कसला गो कॅन्सर? आणि असला तरी म्हातारपणी तो वाढत नाही.” शिगमो येईपर्यंत काखेतही गाठी लागल्या.

उतारवयात हार्मोनवर पोसला जाणारा प्रकार जास्त आढळतो आणि तो पुष्कळदा सावकाश वाढतो, हे खरं आहे. पण सावकाश का होईना, तो वाढतोच. शिवाय म्हाताऱ्या बाईला वेगाने वाढणारा प्रकार होतच नाही असंही नाही. कुठला आहे ते बायोप्सीशिवाय, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय, कळत नाही. हार्मोनवाली लहान गाठ वेळेत सापडली, तर कित्येक वयस्क बायकांचं ऑपरेशन, गरजेप्रमाणे शेक (रेडिएशन) आणि रोजची एक गोळी एवढ्यावर भागतं. मावशीला आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक, सगळंच घ्यावं लागलं. काखेतल्या गाठी काढल्यापासून तिचा उजवा हात सुजतो. चुडा त्या हातात चढत नाही, भरलेली कळशी उचलता येत नाही. ती आहे, ह्याचा आनंद आहेच. पण उशिराचा हिशेब नुसता जगण्या-मरण्याचा नसतो.

आता तरुण बायकांचं. चाळिशीच्या आत आक्रमक प्रकारांचं प्रमाण जास्त असतं, हे मान्य. ट्रिपल निगेटिव्ह, हर-टू पॉझिटिव्ह ही नावं तिथे अधिक ऐकू येतात. त्या वयात स्तन दाट असल्यामुळे मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, गाठ लपू शकते, सोनोग्राफी लागते. त्यात घरचे आणि कधी कधी डॉक्टरही ‘दुधाची गाठ असेल’ म्हणून महिने घालवतात. तरुण वयातली बहुतेक गाठ साधीच असते, पण ते तपासून ठरवायचं. एकाच स्टेजला सापडलेल्या तरुण आणि मध्यमवयीन बायकांची तुलना केली की अंतर बरंच कमी होतं. पूर्ण मिटत नाही, विशेषतः हार्मोनवाल्या प्रकारात. तरीही लवकर सापडलेल्या तरुण बायकांतल्या बहुसंख्य वाचतात. ‘वाचत नाही’ हे वाचून तिशीतली एखादी मुलगी डॉक्टरकडे जायचंच टाळेल, ह्याची मला फार भीती वाटते.

स्टेज म्हणजे काही गूढ नाही. गाठ किती सेंटिमीटर, काखेत गेली का, हाडं, फुप्फुस, यकृत, मेंदू इथे पोचली का, एवढंच. अमेरिकेच्या आकड्यांत गाठ स्तनापुरती असताना सापडली तर पाच वर्षांचं जगणं सुमारे 99 टक्के, काखेत पोचल्यावर सुमारे 87, दूर पसरल्यावर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. भारतात सगळ्या स्टेज मिळून ते साधारण 66 टक्के येतं, कारण आपल्याकडे बायका उशिरा पोचतात आणि उपचारही सगळ्यांना पुरे मिळत नाहीत.

यावर एक रास्त शंका निघते: लवकर शोधलं म्हणजे नुसतं घड्याळ आधी सुरू केलं, मरण तर ठरल्या वेळीच येणार ना? म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलचा प्रयोग मोलाचा. 1998 पासून 35 ते 64 वर्षांच्या दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित सेविकांनी हाताने तपासणी केली, मॅमोग्राफी नाही. तिथे जगण्याची वर्षं न मोजता मृत्यूच मोजले. 2021 साली निष्कर्ष आले: तपासलेल्यांत कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत त्याने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणून तरुणींनी शिबिराची वाट पाहू नये. गाठ लागली, त्वचा ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, की त्याच आठवड्यात दाखवावं.

सुईचं थोडक्यात. बायोप्सीने कॅन्सर अंगभर पसरत नाही. सुईच्या वाटेत चार पेशी सांडल्याच, तरी त्यामुळे आयुष्य घटत असल्याचं आढळलेलं नाही. सुईला घाबरून घालवलेले महिने मात्र गाठीला मिळतात.

गोव्यात 2021 साली ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ मोहीम सुरू झाली ती एक लाख बायकांची स्तनतपासणी करायला. पुढच्या उपचारांना बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, आहे. मावशी आता स्वतः शेजारणींना तपासणीच्या रांगेत बसवून येते, सुजलेला हात पदराखाली धरून.