आल्प्स सहलीच्या पहिल्या दिवसाबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

फ्रान्सच्या आल्प्समधल्या आमच्या सायकल सहलीचा पहिला दिवस फुकट गेला, असं तुम्ही लिहिलंत. सायकली हाती पडायला दीड वाजला, बाबा उपाशी राहिले, आणि आकाश निरभ्र असताना आल्प द्वेझचा घाट सोडून तुम्हांला तलावापर्यंत नेऊन परत आणलं. पुढे पावसामुळे तो घाट अर्ध्यावरून उतरावा लागला.

उशीर आणि उपास या दोन्ही चुका माझ्या. सीटची उंची, पेडलचा प्रकार हे सगळं मी इथे फोंड्यातच लिहून घेऊन तिकडच्या सायकलवाल्याला आधी कळवायला हवं होतं. तिथल्या लहान गावांत दुपारी दोनच्या सुमारास जेवण मिळणं बंद होतं, हे मला ठाऊक होतं. तरी डबे बांधून घेतले नाहीत, आणि शाकाहारी बाबांना पाव-चीजवर दिवस काढावा लागला. याचं मला फार वाईट वाटतं. त्या जेवणाचे आणि अर्ध्या दिवसाच्या सायकलभाड्याचे पैसे आज तुमच्या खात्यात जमा केले आहेत.

घाटाचा निर्णय मात्र मी पुन्हा तसाच घेईन. आपल्या स्कूटरचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथल्या सायकलीचा डाव्या. वाहतूकही रस्त्याच्या उजवीकडून. चढताना याने फारसं बिघडत नाही, पण उतरताना 21 वळणं आहेत आणि घाबरलं की हात जुन्या सवयीनेच चालतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पोहोचलो त्याच दिवशी घाट चढलो. 1952 मध्ये टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला तो हाच रस्ता, या आनंदात होतो. उतरताना समोर गाडी आली, मागचा ब्रेक समजून डावा दाबला आणि कॉलरबोन मोडून घेतलं.

शिवाय हा चढ जवळजवळ 14 किलोमीटरचा, सरासरी 8 टक्क्यांचा, आणि सुरुवातीचा भागच सगळ्यात कडक. चोर्ला घाटातला सराव तिथे उपयोगी पडतो, पण रात्रभराच्या विमानप्रवासानंतर आणि घड्याळ साडेतीन तास मागे गेलेलं असताना नाही. आलमाँच्या तलावाकडचा सपाट रस्ता त्यासाठीच निवडला होता. बाबांनी तिथे तीनदा चुकीचा ब्रेक दाबला. मी मागेच होतो.

हे सगळं तुम्हांला पैसे भरण्याआधी सांगायला हवं होतं. पत्रकात ‘पहिला दिवस : सराव’ एवढंच छापलं होतं. त्यावरून कुणाला काय कळणार? आता पूर्ण लिहितोय. पुढच्या वर्षी घाटासाठी दोन दिवस राखून ठेवणार आहे, म्हणजे एक पावसात गेला तरी दुसरा राहील.

तुमची आणि बाबांची मापं वहीत लिहून ठेवली आहेत. दोघांनी पुन्हा यायचं ठरवलंत, तर घाटाच्या त्या दोन दिवसांचे पैसे मी घेणार नाही.