शेपूट तेवढं आलं

कॅलेंडरवरचा उडता पक्षी नेहमी समोरून येतो. पंख पसरलेले, डोळ्यात उन्हाचा ठिपका, पायाचं एकेक नख मोजून घ्यावं. माझ्या हार्ड डिस्कवरचा पक्षी मात्र कायम निघालेला असतो. अंबाझरी असो, फुटाळा असो, गोरेवाडा असो की उमरेडकडचं वडगाव धरण, फोटोत एक शेपूट, पोटाखाली दुमडलेले दोन पाय आणि बहुतेक वेळा मागे सुटलेला एक पांढरा फवारा. नागपूर जिल्ह्यातल्या पाणपक्ष्यांचा मागच्या बाजूने कुणाला अभ्यास करायचा असेल, तर माझ्याकडे मुबलक साहित्य आहे.

यात पक्ष्यांचं माझ्याशी काही वैर नाही. भानगड वाऱ्याची आहे. पक्षी, त्यातही वजनदार पक्षी, वाऱ्याच्या तोंडावर झेप घेतो आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतो. समोरून वारा आला की कमी वेगात पंखांना उचल मिळते. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्षी उठताना तुमच्याकडे येणार, आणि तो तुमच्या तोंडावर असेल तर शेपूट. ज्या सकाळी वारा पूर्वेकडून असतो त्या सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहावं, ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी मिळतात. हे इतकं सोपं आहे. अडचण एवढीच, की गाडी लावायला जागा, बसायला दगड आणि चहाची टपरी या तिन्ही गोष्टी समोरच्या काठावर असतात.

वारा कुठून आहे हे कळायला मोबाइल नको. पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या टिटव्या आणि नदी सुरय बघा. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला असतात, कारण पाठीकडून वारा घेतला तर पिसं विस्कटतात. ती तोंडं तुमच्याकडे वळलेली असतील तर तिथेच बसा. सगळ्या पाठी दिसत असतील तर तळ्याला वळसा घाला, नाहीतर माझ्यासारखा संग्रह करा.

आता भिंगाबद्दल. या छंदात बहुतेकांच्या गळ्यात १५०-६०० मिलिमीटरचं झूम भिंग असतं, मध्यमवर्गीयांची तोफ. वजन दोन किलोच्या आसपास, कॅमेरा धरून अडीच-तीन किलो. भाजीची पिशवी म्हणून हे वजन काहीच नाही, पण ती पिशवी डोळ्यासमोर आडवी धरून आकाशात गोल गोल फिरवायची असते. तिसऱ्या मिनिटाला कोपरं थरथरतात. मग माणूस ट्रायपॉड घेतो, आणि पक्षी नेमका ट्रायपॉडच्या मधल्या पायावर आपला पाय अडखळेल अशा बाजूने जातो.

पण वजन हा खरा त्रास नव्हे. खरा त्रास पक्षी सापडण्याचा. दीडपट क्रॉप असलेल्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटर लावले की फ्रेमची रुंदी उरते साधारण सव्वादोन अंश. पौर्णिमेचा चंद्र असतो अर्ध्या अंशाचा. म्हणजे सगळ्या आभाळातून शेजारी शेजारी चार-साडेचार चंद्र मावतील एवढी खिडकी, आणि त्या खिडकीतून ताशी ३६ किलोमीटरने जाणारा बगळा शोधायचा. नवखा माणूस काय करतो? पक्षी बघतो, मान खाली घालून कॅमेरा बघतो, तो डोळ्याला लावतो आणि मग निळ्या शून्यात पाच सेकंद भटकतो. तोवर बगळा हिंगण्याच्या हद्दीत.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. नजर पक्ष्यावरून काढायचीच नाही, नजरेच्या रेषेत कॅमेरा वर आणायचा. भिंग आधी ३०० वर ठेवायचं, पक्षी सापडला की ६०० वर न्यायचं. दुसरा डोळा उघडा ठेवायचा. आणि फोकस आधीच साधारण तेवढ्या अंतरावरच्या झाडावर नेऊन ठेवायचा. हे शेवटचं फार जण विसरतात. मागचा फोटो पायाजवळच्या फुलपाखराचा काढलेला असेल तर दूरचा पक्षी इतका पसरट धुरकट होतो, की तो फ्रेमच्या मधोमध असला तरी दिसत नाही. भिंगावर ‘१० मीटर ते अनंत’ अशी एक कळ असते, ती त्यासाठीच. ती लावली की भिंग जवळचं काही शोधत बसत नाही. ही कळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढं जुळून आलं, बगळा खिडकीत बसला, की मागून आवाज येतो. “काय भाऊ, किती दूरचं दिसते जी याच्यातून?” सकाळी फिरायला आलेला माणूस असतो. कानटोपी, हातात काठी, मनात निर्मळ कुतूहल. उत्तर दिलं नाही तर उद्धट, दिलं तर बगळा गेला. गोरेवाड्याला प्रश्न थोडा वेगळा असतो: “बिबट निघाला का?” नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा येते, तिच्यापुढे आपली काहीच नाही.

शटरच्या वेगाबद्दल लोक अंधश्रद्धेने बोलतात, म्हणून सरळ हिशेब मांडतो. दहा मीटर प्रतिसेकंद वेगाने आडवा जाणारा पक्षी १/१००० सेकंदात एक सेंटिमीटर सरकतो, १/२००० मध्ये अर्धा. हे झालं धडाचं. पंखाचं टोक धडापेक्षा कितीतरी जोरात हलत असतं. म्हणून तरंगणाऱ्या घारीला १/१००० चालतो, बगळ्याला १/१६००, आणि वेड्या राघूला १/३२०० लावूनही पंख कधी कधी पंख्याच्या पात्यासारखे येतात. आता डिसेंबरमध्ये सकाळी सातला, भिंगाचं तोंड एफ ६.३ पर्यंतच उघडत असताना १/३२०० मागितले, तर कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदना, ६४०० च्या वर नेतो आणि फोटोत दाण्यांचा रवा सांडतो. तरी रवा परवडला. तो घरी सॉफ्टवेअरने निवडता येतो, हललेला पंख नाही.

उजेडाचं प्रकरण याहून लबाड आहे. आकाश उजळ असतं, कॅमेरा त्याला बघून फोटो काळवंडवतो, आणि मग घार काय, कावळा काय, संक्रांतीचा कटलेला पतंग काय, सगळे सारखेच काळे. म्हणून उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवायचा. वाढवला की तोच बगळा आकाशातून खाली उतरतो, मागे काळी झाडी येते, आणि पांढरा बगळा धुलाई पावडरच्या जाहिरातीतल्या सदऱ्यासारखा जळून जातो. तिथे कमी करायला हवं होतं. आकाश ते झाडी, अंतर दोन सेकंदांचं. अंगठ्याला तेवढी अक्कल नसते. माझं मत विचाराल तर अशा वेळी सगळं मॅन्युअलवर बांधून टाकावं. मागचा पडदा बदलला तरी बगळ्यावर पडणारं ऊन तेच असतं. पाठीशी ऊन घेऊन काठावरच्या गवतावर मोजमाप करायचं, पांढऱ्या पक्ष्यासाठी त्यातून एक स्टॉप कमी करायचा आणि मग हात लावायचा नाही. ढग आला की सगळं कोसळतं, पण ढगावर तरी राग काढता येतो.

फोकस सतत माग काढणारा हवा, मधल्या ठिपक्यांचा लहान गट हवा, आणि शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर दिलेला हवा. नव्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा ओळखता येतो. छान ओळखतात. गवताच्या तुऱ्यात ओळखतात, पाणकणसाच्या बोंडात ओळखतात, अंबाझरीत तरंगणाऱ्या नारळात सुद्धा ओळखतात. पक्ष्याचाही ओळखतात, फक्त तो बसलेला असताना. शिवाय फोकस अचूक लागला तरी त्याचा पल्ला किती? ६०० मिलिमीटर, एफ ६.३, अंतर २० मीटर. स्पष्ट दिसणारी खोली साधारण २८ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा वीत. लहान बगळ्याचा पंखविस्तार मीटरभर असतो. डोळा धारदार आला तर पलीकडचा पंख विरघळणार. पंख धारदार आला तर त्याला आम्ही कलात्मक म्हणतो.

पक्षी कुठला निवडावा? शिकायला घार. नागपूरच्या आभाळात घारींची कधीच टंचाई नसते, त्या संथ फिरतात आणि आपल्या चुका पोटात घालतात. त्यानंतर कवड्या धीवर. हा काळापांढरा खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत थांबतो, डोकं खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर, पंख नुसते भिरभिर. निसर्गाने छायाचित्रकारांना दिलेली ही एकमेव सवलत. फडफडतानाच फोटो घ्या. त्याने पंख मिटून सूर मारला की पाठलाग करू नका. त्या पाठलागातून आजवर मला फक्त पाण्यावरची वर्तुळं मिळाली आहेत. मासा घेऊन वर येताना तो जड आणि हळू असतो, तेव्हा पकडा. पाणकावळाही चांगला. तो सरळ उडत नाही, आधी पाण्यावर धावपळ करतो, तेवढ्यात आपलं सगळं लावून होतं. भिंगऱ्या आणि पाकोळ्या यांच्या वाटेला जाऊ नका. मान लचकते.

वेडा राघू हा मधला पेपर. तो एका काडीवरून उडतो, माशी पकडतो आणि पुन्हा त्याच काडीवर येतो. म्हणून लोकांना वाटतं सोपा आहे. काडीवर फोकस बांधला, वारा येतो त्या बाजूला मोकळी जागा सोडली, तो उडाला, बटण दाबलं. फोटोत काडी. उत्कृष्ट काडी, साल मोजता येईल अशी. कारण डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत पाव सेकंद जातो, आणि दहा मीटर प्रतिसेकंदाने पाव सेकंद म्हणजे अडीच मीटर. तो उडाल्यावर दाबलं तर उशीर झालेलाच असतो. उडण्याआधी दाबावं लागतं, आणि त्यासाठी पक्ष्याच्या चाहुली ठाऊक हव्यात. अंग आवळतो, किंचित पुढे वाकतो, मान वर-खाली करतो. मोठा पक्षी असेल तर शिटतो. वजन हलकं करून निघायची ही पद्धत, आणि छायाचित्रकारासाठी रेल्वेच्या शिट्टीइतकी भरवशाची. माझ्या संग्रहातले ते पांढरे फवारे म्हणजे सूचना मिळूनही बोट न हललेल्या सकाळी आहेत. काही नव्या कॅमेऱ्यांत बटण पूर्ण दाबण्याआधीच्या क्षणांच्या फ्रेमा साठवायची सोय आली आहे. मला ते परीक्षेआधी पेपर हातात मिळाल्यासारखं वाटतं. माझ्या कॅमेऱ्यात ती सोय नाही, हे मत त्यामुळेही असेल.

बोट दाबून धरण्याचा मोहही वाईट. सेकंदाला दहा फ्रेमा, प्रत्येक रॉ, म्हणजे कच्ची, फाइल २५ ते ३० एमबी, म्हणजे सेकंदाला अडीचशे-तीनशे एमबी. साधं कार्ड लिहितं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने. थोड्याच वेळात कॅमेऱ्याचं पोट भरतं आणि तो मख्ख होतो. पक्षी नेमका तेव्हाच वळून तुमच्याकडे येतो. म्हणून तीन-चार फ्रेमांचे तुकडे घ्यावेत, बोट उचलावं, पुन्हा घ्यावेत. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल तर सेन्सर ओळ-ओळ वाचेपर्यंत पंख पुढे गेलेला असतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याचं केळं होतं.

आणि हे सगळं साधलं तरी वर नागपूरचं ऊन आहे. मार्चपासून नऊ वाजले की जमीन तापते, हवेचे थर हलू लागतात आणि ऐंशी मीटरवरचा पक्षी पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा डुलतो. फोकस बरोबर, शटर बरोबर, फोटो लिबलिबीत. यावर लाखाचं भिंगही काही करू शकत नाही, उलट ते हवेचा डोल अधिक मोठा करून दाखवतं. कितीतरी भिंगं बिचारी या गुन्ह्यासाठी दुरुस्तीला जाऊन निर्दोष परत आली आहेत. गाडीच्या खिडकीतून फोटो काढताना आत एसी आणि बाहेर ४४ अंश असले तर हाच खेळ खिडकीत होतो. एसी बंद, काचा खाली, घाम चालू. पावसाळ्यात एसीतून काढलेलं थंड भिंग दमट हवेत आलं की त्यावर बाष्प बसतं. ते पुसत बसू नये, उतरायच्या अर्धा तास आधी एसी बंद करावा.

एका गोष्टीबद्दल मात्र विनोद सुचत नाही. हिवाळ्यात पट्टकादंब हे रानहंस इथल्या तलावांवर येतात, हिमालय ओलांडून. सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. ते काठावर चरत असतात, आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून कुणीतरी त्यांच्या दिशेने धावतो किंवा दगड भिरकावतो. अशा माणसाच्या फोटोतही शेपटंच येतात, हे समाधान अपुरं आहे. थांबा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून एक चक्कर मारतो आणि सगळा तलाव आपोआप उठतो. तो तास-दोन तास येत नाही, तेवढ्यात डबा खाऊन घ्यावा.

घरी आल्यावर बाराशे फ्रेमा. निम्म्या नुसत्या आकाशाच्या, बऱ्याच कापलेल्या पंखटोकांच्या, शेवटी उरतात नऊ, त्यातल्या सात शेपट्या. रात्री कुणाकडे तरी बारसं असतं आणि घरातून फर्मान सुटतं, एवढा महागाचा कॅमेरा आहे तर आण. दुसरं भिंग नाही. बाळापासून लांब जात जात माणूस दारातून अंगणात, अंगणातून फाटकाबाहेर जातो. शटर अजून १/३२०० वर, त्यामुळे पाळणा काळाकुट्ट. आत्याबाई बाळाचं नाव पुकारतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि भिंग घर्र घर्र करत पुढेमागे होत राहतं, कारण ‘१० मीटर ते अनंत’वाली कळ तशीच राहिलेली असते आणि पाळणा आठ मीटरवर आहे.