म्हणे 'नुसती चित्रं'!

सकाळी एका ग्रुपवर मेक्सिकोतल्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांबद्दल फॉरवर्ड आला: 'अ‍ॅझ्टेकांना लिपी नव्हती, ते नुसती चित्रं काढत.' खाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय.

नुसती चित्रं? मग टोलान्त्सिंको या गावाची खूण वाचून दाखवा. लव्हाळ्याचा झुबका आणि त्याखाली माणसाचं कमरेखालचं अंग! चित्र म्हणून बघाल तर चावटपणा वाटेल. पण त्यांच्या नावात्ल भाषेत लव्हाळा म्हणजे 'टोलिन', बूड म्हणजे 'त्सिन्त्ली', आणि 'त्सिन' हाच आवाज 'धाकटं' या अर्थानंही चालतो. झालं की धाकटं टोलान, म्हणजे धाकटं लव्हाळ्याचं गाव! आपण गावाला 'खुर्द' लावतो तसं. बुडाचा संबंधच नाही, उच्चार तेवढा उसना घेतलाय. क्वाउतित्लान गावाच्या खुणेतल्या झाडाला तर चक्क दात आहेत, कारण दात 'त्लान्त्ली' आणि '-त्लान' हा गावाच्या नावाचा प्रत्यय.

आकडे वीसच्या पटीत. टिंब १, झेंडा २०, केसांच्या झुबक्यासारखी खूण ४००, पिशवी ८०००. खंडणीच्या पानावर वस्त्राच्या डोक्यावर झुबका दिसला की ४०० वस्त्रं. तिथे झेंडा समजलात तर हिशेब वीसपट चुकला. नुसती चित्रं म्हणे!

बरं, मान्य. सलग वाक्य शब्दन्‌शब्द उतरवत नसत, पाठांतराचा टेकू लागायचा. पण त्यासाठीच तर काल्मेकाक ही बड्या घरच्या मुलांची शाळा होती. तिथे मुलं रंगवलेली पुस्तकं समोर ठेवून गाणी पाठ करायची. सामान्यांच्या पोरांना तेल्पोच्काल्ली ही वेगळी शाळा. १५४१ च्या सुमाराच्या मेंडोसा कोडेक्स या चित्रांच्या हस्तलिखितात घरातलं वळणही आहे. पोराजवळची टिंबं मोजा, वय कळतं. तीन टिंबं, जेवायला अर्धी तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी. तेरा टिंबं, दोन. अकरा टिंबांचं पोर मिरच्यांच्या धुरावर धरलेलं, डोळ्यांत पाणी. हे पान बघितलं की माझा राग जरा उतरतो.

आता १७९० साली मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात सापडलेली सूर्यशिळा बघा. अ‍ॅझ्टेकांच्या समजुतीत आपल्याआधी चार सूर्य, म्हणजे चार युगं, होऊन संपली. मधल्या चेहऱ्याभोवती त्यांच्या चार चौकटी, प्रत्येकीत चार टिंबं. वर उजवीकडे जॅग्वार: पहिल्या सूर्याची माणसं त्यानं खाल्ली. मग घड्याळाच्या उलट्या दिशेनं वारा, आगीचा पाऊस, पाणी. पाण्याच्या वेळी माणसांचे मासे झाले. आणि आपला पाचवा सूर्य? त्याला वेगळी चौकट नाही. त्या चार चौकटी जोडूनच 'ओलिन' ही खूण होते. ओलिन म्हणजे हालचाल, भूकंप. हा सूर्य त्यानंच संपायचाय.