पिल्लू शहाणं झालं, अभिनंदन!

कालपर्यंत चपला कुरतडणारं, बेल वाजली की दारावर झेपावणारं तुमचं पिल्लू आज कोपऱ्यात मुटकुळं करून पडलंय? अभिनंदन, शिस्त लागली! अडीच महिन्यांच्या जिवाला एका रात्रीत कसली शिस्त, असल्या शंका काढू नका. फोटो काढा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका. ‘किती गुणी गं!’ म्हणत डझनभर अंगठे येतील.

वाटीतलं जेवण तसंच? नखरे. चिकन हुंगूनही मान फिरवली? चतुर्थी असेल. उलटी झाली तर गवत खाल्लं असणार. ते अजून चौथ्या मजल्यावरून खालीच उतरलेलं नाही, हा तपशील सोडून द्या. आणि खाली उतरलं नाही म्हणजे रोग येणार कुठून, हा तर बिनतोड मुद्दा! पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा विषाणू तुमच्याच बुटाला चिकटून लिफ्टने वर येतो, मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि फिनाइलला भीक घालत नाही, हे त्याचं त्यालाच माहीत असू दे. लस? एक टोचलीय की. सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायची म्हणजे डॉक्टरांचा धंदा.

नाक ओलं आहे ना? मग ठणठणीत. (नाक ओलं असूनही ताप असू शकतो. कुत्र्याचं अंग 101 ते 102.5 फॅरनहाइट असलं तर ठीक. पण ते कळायला थर्मामीटर शेपटीखाली घालावा लागतो, आणि पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नाही.) ओठ वर करून हिरड्या तर मुळीच बघू नका. गुलाबीऐवजी पांढुरक्या निघाल्या तर पावसाळ्यात कानामागून काढलेले, रक्त पिणारे गोचीड आठवतील आणि झोप उडेल. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती पटकन खाली बसली नाही, तर ‘बाळसं धरलंय’ म्हणा. अंगातलं पाणी आटलंय, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना काय, सलाईन लावायचीच असते.

काहीतरी करायलाच हवं असं फार वाटलं, तर आपल्याच डब्यातली तापाची गोळी अर्धी करून द्या. कुत्र्याच्या यकृताचं त्याने वाटोळं होऊ शकतं, पण तुम्ही हातावर हात ठेवून बसला होतात, असं कुणी म्हणणार नाही.

जुलाबात रक्त दिसलं आणि घरभर घाण वास सुटला की मग निघा. शक्यतो रविवारी रात्री, दवाखाने बंद झाल्यावर. उघडा सापडलाच आणि डॉक्टरांनी ‘कधीपासून खात नाही?’ विचारलं, तर छातीठोकपणे सांगा, ‘आज सकाळपासून.’