'सहन करायला शिक' हे आता मी कुणाला सांगणार नाही

माझी भाची सतरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने पहिली नोकरी धरली, फक्त शनिवार-रविवार, एका दुकानाच्या बिलिंग काउंटरवर. पहिल्या पगारात काय काय घ्यायचं याची यादी तयार होती. तिसऱ्या शिफ्टनंतर घरी आली ती कुणाशी न बोलता बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून अर्धा तास रडली.

झालं होतं असं, की एका गृहस्थांना पावतीशिवाय वस्तू परत करायची होती. हिने नियम सांगितला. त्यावर ते रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुला वाचता तरी येतं का? असल्या पोरींना कामावर ठेवतं कोण?" रांगेत सात-आठ माणसं होती. कुणी काही बोललं नाही.

घरी सगळ्यांनी तिला समजावलं. सवय होईल. कातडी जाड कर. जग असंच असतं, आत्ताच कळलेलं बरं. प्रत्येकजण मायेनेच बोलत होता. मी मात्र गप्प होते, कारण हीच वाक्यं मी स्वतः बारा वर्षं नव्या मुलांना सांगितली आहेत. मी काउंटरवर सुपरवायझर होते. 'सहन करायला शिक' हे माझ्या ट्रेनिंगचं पहिलं वाक्य असायचं. आज मला ते वाक्य चुकीचं वाटतं, आणि का वाटतं ते नीट लिहायचं आहे.

माझ्या हाताखाली अठरा वर्षांची एक मुलगी होती. एका बाईंनी वापरलेली वस्तू बदलून मागितली. मुलीने नाही सांगितलं, नम्रपणे, मीच घोटून घेतलेल्या शब्दांत. बाई तिला दहा मिनिटं वाट्टेल ते बोलत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या वरच्यांना बोलव." मी गेले. मागे रांग वाढली होती आणि मला ते प्रकरण मिटवायचं होतं. मी हसले, माफी मागितली, वस्तू बदलून दिली. दोन मिनिटंही लागली नाहीत. जाताना बाई मुलीकडे वळून म्हणाल्या, "बघ, याला म्हणतात सर्व्हिस."

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती नजर मला अजून आठवते. दोन आठवड्यांनी तिने काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, अभ्यास आहे.

त्या दोन मिनिटांत मी बाईंना शिकवलं की ओरडलं की मिळतं. आणि त्या मुलीला शिकवलं की नियम पाळलास तर तू एकटी आहेस. तिचं खरं दुखणं बाईंच्या बोलण्याचं नव्हतंच. बाई परक्या होत्या. मी तिची होते.

अपवाद करू नये असं मी म्हणत नाही. सुपरवायझरला तो अधिकार असतोच, आणि कधी कधी अपवाद करणं शहाणपणाचंही असतं. पण तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं: "हिने सांगितलं ते बरोबर आहे, आमचा नियम तोच आहे. आज मी माझ्या अधिकारात हे करून देते." एवढंच. आणि ते गिऱ्हाइकासमोर, त्याच जागी बोलायला हवं. नंतर स्टॉक रूममध्ये नेऊन "तुझं काही चुकलं नव्हतं गं" म्हणण्याला काही किंमत नाही. अपमान चारचौघांत झालेला असतो, भरपाई कोपऱ्यात करून चालत नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं आणि चाळिशीतल्या माणसाचं यात एक मोठं अंतर आहे, आणि आपण ते विसरतो. या मुलांचं आजवरचं आयुष्य घरात आणि शाळेत गेलेलं असतं. तिथे मोठं माणूस रागावलं याचा अर्थ एकच, माझं काहीतरी चुकलं. काउंटर ही त्यांच्या आयुष्यातली पहिली जागा, जिथे मोठ्या माणसाच्या रागाचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. तो घरून भांडून आलेला असेल, दुसऱ्याच कुणी त्याला फसवलं असेल, किंवा त्याला फक्त कुणावर तरी ओरडायचं असेल. हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. त्यातून हे वयच असं, की चारचौघांत आपण कसे दिसतो याची धार सर्वांत जास्त लागते. मेंदूचा जो पुढचा भाग भावनांना आवर घालतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालूच असते. आणि आपण त्यांच्याकडून अपेक्षा करतो ती, समोरचा पन्नाशीचा माणूस तोल सोडत असताना यांनी तो सांभाळण्याची.

'ग्राहक नेहमीच बरोबर असतो' हे वाक्य तर प्रत्येक ट्रेनिंगमध्ये येतं. शिकागोचे मार्शल फील्ड आणि 1909 साली लंडनमध्ये आपलं प्रचंड दुकान उघडणारे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांच्या नावावर ते सांगितलं जातं. तो काळ 'माल बघून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही' अशा व्यवहाराचा होता. त्यात गिऱ्हाइकाची तक्रार खरी मानून ऐकायची, ही चांगली आणि नवी गोष्ट होती. तक्रार ऐकून घ्या असं ते वाक्य मालकाला सांगत होतं. शिव्या ऐकून घ्या असं ते पोराला सांगत नव्हतं.

जपानमध्येही असंच घडलं. 'ग्राहक म्हणजे देव' हे तिथलं फार प्रसिद्ध वाक्य मिनामी हारुओ नावाच्या गायकाचं, 1960च्या दशकातलं. देवासमोर उभं राहावं तशा निर्मळ मनाने मी श्रोत्यांसमोर गातो, असं त्यांना म्हणायचं होतं. दुकानदारीशी त्याचा संबंधच नव्हता. पुढे लोक ते वाक्य काउंटरवर उगारायला लागले. त्याच जपानमध्ये टोकियोने ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध अध्यादेश केला, तो 1 एप्रिल 2025पासून लागू झाला. त्यात शिक्षेची तरतूद नाही, पण हे वागणं चूक आहे असं कागदावर तरी आलं. दक्षिण कोरियाने त्याआधीच, ऑक्टोबर 2018 मध्ये, मालकावर स्पष्ट जबाबदारी टाकली: गिऱ्हाइकाच्या शिवीगाळीमुळे कर्मचाऱ्याला त्रास होत असेल तर त्याचं काम थांबवायचं किंवा बदलायचं, विश्रांती वाढवून द्यायची, उपचार आणि समुपदेशनाला मदत करायची.

कोरियाचा हा कायदा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने प्रश्नच बदलला. 'तू कसं सहन करशील?' याऐवजी 'तुम्ही तिच्यासाठी काय कराल?' असं तो विचारतो.

आता काउंटरवर उभं राहणाऱ्या मुलांसाठी थोडं, कारण कायदा येईपर्यंत शिफ्ट थांबत नाही.

रागावलेला माणूस आणि अपमान करणारा माणूस वेगळे असतात, आणि ते ओळखता आलं की अर्धं ओझं उतरतं. रागावलेला माणूस वस्तूबद्दल बोलतो: हे तुटलं, उशीर झाला, माझा वेळ गेला. त्याचं ऐकायचं. मधे तोडायचं नाही. तो थांबला की त्याचीच तक्रार दोन वाक्यांत त्याला परत सांगायची, "म्हणजे तुम्ही गेल्या आठवड्यात घेतलंत आणि पहिल्याच दिवशी बंद पडलं, बरोबर?" बहुतेक माणसं इथेच निम्मी शांत होतात, कारण त्यांना कुणीतरी ऐकलेलं असतं. 'शांत व्हा' हे शब्द कधीच उच्चारायचे नाहीत, मी आजवर ते ऐकून शांत झालेला एकही माणूस पाहिलेला नाही. आपला आवाज त्याच्या आवाजाच्या वर न्यायचा नाही, उलट थोडा हळू करायचा. आणि 'हा नियम आहे' याने सुरुवात करायची नाही. जे करता येण्यासारखं आहे ते आधी सांगायचं, जे येत नाही ते नंतर.

अपमान करणारा वस्तू सोडून तुमच्याबद्दल बोलू लागतो. तुमची अक्कल, तुमचं दिसणं, तुमचे आईबाप. तिथे तुमचं काम संपलं. खरंच संपलं. "मी सिनियरना बोलावते" एवढं म्हणायचं आणि एक पाऊल मागे व्हायचं. ही हार नव्हे. अशा गिऱ्हाइकाचं पुढे काय करायचं, हा निर्णय तुमच्या पगाराच्या माणसाने घ्यायचाच नसतो.

फोनवर काम करणाऱ्या मुलांचं दुःख आणखी वेगळं, तिथे चेहरा नसतो म्हणून लोकांची जीभ जास्तच सुटते. कॉल कधी बंद करायचा याचा नियम पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्या.

आणि एक गोष्ट मुलींच्या आईवडिलांसाठी मुद्दाम लिहिते. उद्धट गिऱ्हाईक फक्त ओरडणारंच नसतं. गोड बोलून नाव विचारणारं, सुटे पैसे देताना हात धरून ठेवणारं, 'सुटते किती वाजता' म्हणणारं गिऱ्हाईकही असतं. मुलीला हसून बोलण्याचा पगार मिळत असतो आणि तो माणूस त्या हसण्याचा भलता अर्थ काढतो, किंवा काढल्याचं सोंग करतो. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामावर लिहिताना या हसण्याला श्रम म्हटलं, भावनिक श्रम. आतून वाटत नसताना चेहऱ्यावर आणलेलं हसू माणसाला थकवतं, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसत आलं आहे. तुमची मुलगी घरी येऊन कुणाशी बोलत नसेल तर ती तुटक झाली असं समजू नका. सहा तास हसून आलेली असते ती. आणि हात धरणाऱ्या माणसाचं तिने सांगितलं, तर पहिला प्रश्न 'तू काय बोललीस?' हा नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 साली कामावरच्या हिंसा आणि छळाविरुद्ध जो करार स्वीकारला, त्यात गिऱ्हाइकासारख्या बाहेरच्या माणसांकडून होणारा त्रासही विचारात घेतला आहे, आणि शिकाऊ, उमेदवारी करणारी मुलंही त्याच्या कक्षेत येतात. 'ती काय, सुट्टीपुरती आहे' ही सबब तिथे चालत नाही.

रांगेत उभ्या असलेल्या त्या सात-आठ जणांबद्दलही मला बोलायचं आहे, कारण त्यांच्या जागी आपण सगळेच कधी ना कधी असतो. भांडायला कुणी सांगत नाही. पण तो माणूस गेल्यावर आपली पाळी आली, की त्या पोरीला म्हणता येतं, "तुझं बरोबर होतं." मला एकदा एका म्हाताऱ्या आजोबांनी हे म्हटलं होतं, माझ्या पहिल्या वर्षात. ओरडून गेलेल्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही, आजोबांचा आठवतो.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी भाचीच्या खोलीत गेले. तिला सहन कर म्हटलं नाही, नोकरी सोड असंही म्हटलं नाही. तिला विचारलं, तो माणूस ओरडत होता तेव्हा तुझे सर कुठे होते? म्हणाली, "आत, स्टॉक मोजत होते. मी बेल दाबली, त्यांना ऐकू नाही आली बहुतेक." मग आम्ही दोघींनी बसून एकच प्रश्न तयार केला, आणि तो तिने पुढच्या शनिवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सरांना विचारला: "सर, मी बोलावलं तर तुम्ही किती वेळात याल?"

विचारताना पाय कापत होते म्हणाली. सर जरा वेळ गप्प होते. मग त्यांनी तिला बेल दाबायला सांगितली आणि स्वतः आत स्टॉक रूममध्ये जाऊन उभे राहिले. दोनदा करून बघितलं. आत काहीच ऐकू येत नव्हतं.

आता शनिवार-रविवारी संध्याकाळी ते स्टॉकची वही बाहेर आणून काउंटरच्या शेजारी बसतात, असं काल ती सांगत होती.