डबल बेल

परवाच्या रविवारी भाच्याचा साखरपुडा होता, अक्कलकोटला, आणि साखरेचा पुडा आमच्या ताब्यात होता. सव्वानऊला मी मोतिया झब्बा घालून गाडीत बसलो, किल्ली फिरवली, गाडी ‘टक्’ म्हणाली. पुन्हा फिरवली, तर तेवढंही म्हणाली नाही. समोरचे दिवे तेल संपलेल्या निरांजनासारखे एकदा थरथरले आणि गेले.

बॅटरी उतरली होती. त्यात नवल काही नाही. सोलापुरात कार लागते कुठं? माझं ऑफिस सात रस्त्याला, स्कूटीवर दहा मिनिटं. नव्या पेठेत कार घेऊन जाणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा भांडण काढायला निघालेला असतो. त्यामुळं आमची गाडी तुळजापूर, पंढरपूर आणि लग्नकार्य एवढ्यासाठीच. एरवी ती दोन जुन्या चादरी पांघरून दारात झोपलेली असते. उन्हाळ्यात तिच्या बॉनेटवर शेजारच्या कुरडया वाळतात, आणि एवढ्यात बाहेर काढणार का, असं मलाच विचारलं जातं.

त्यातून तो पाण्याचा दिवस होता. पाचव्या दिवशी नळ आलेला, म्हणजे अख्खी गल्ली पाइप आणि घागरी घेऊन रस्त्यावर. नळ चालू असताना सोलापूरकर सख्ख्या भावालाही ओ देत नाही. पण झब्बा घातलेला माणूस आणि बंद गाडी, हे दृश्य नळापेक्षा भारी ठरलं. सगळ्यात आधी पाइप सोडून आले ते आमचे अण्णा.

अण्णांनी एसटीत ३२ वर्षं काढली. दोन बोटांत दुधाची पिशवी लटकवून ते माझ्या खिडकीशी वाकले.

“सेल्फ घेईना होय बे?”

“बॅटरी उतरली, अण्णा.”

“बॅटरी नसतीय ती. पेट्रोल बघितलास का?”

“अर्धी टाकी आहे.”

“काटा खोटं बोलतोय. आमच्या गाडीचा काटा बारा वर्षं पाऊणवरच होता. बॉनेट उघड.”

बॉनेट उघडलं. अण्णांनी आत बघितलं, दुधाची पिशवी बॅटरीवरच ठेवली आणि इंजिनाला उद्देशून, “हां,” म्हणाले. मग पिशवी उचलून निकाल दिला. “धक्का मारू.”

“अण्णा, ही ऑटोमॅटिक आहे. धक्क्यानं सुरू होत नाही.”

“ऑटोमॅटिक आहे ना? मग आपोआपच होतीय की.”

यावर काय बोलणार? एवढ्यात क्रिकेट खेळणारी चार पोरं, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि ज्यांच्याशी मी गेली दोन वर्षं पार्किंगवरून बोलत नाही ते समोरचे गृहस्थ, असे सहाजण मागं लागले. अबोला मोडायला त्यांना हाच मुहूर्त सापडला. गाडी न्यूट्रलला होती म्हणून हलली तरी. अण्णांनी धक्का मारला नाही. ते डिकीच्या बाजूला उभे राहिले आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. धप्, धप्. “जाऊ द्या!”

गाडी पन्नास पावलं गेली. एक थाप. धप्. सगळे थांबले. पुन्हा दोन थापा, सगळे निघाले. तिसऱ्या फेरीला माझ्या डोक्यात उजेड पडला. एक बेल थांब, डबल बेल चल. अण्णा ३२ वर्षं एसटीत होते हे खरं, पण कंडक्टर होते! मी इतकी वर्षं त्यांना ड्रायव्हर समजून गाडी घेताना त्यांचा सल्ला घेतला होता. मायलेज त्यांना विचारलं होतं. ही गाडी त्यांनीच पास केली होती.

“आता सोड क्लच!” अण्णा ओरडले. “सोड बे क्लच!”

“क्लच नाहीये अण्णा!”

“नाही म्हणजे? काढून ठेवलास काय?”

मी चार वेळा सांगितलं होतं. मोजून चार वेळा. हसण्यावारी नेतोय, पण राग आहे तो याचाच. आपल्याकडं तुमची काही अडचण दिसली की पाच मिनिटांत सहा माणसं गोळा होतात, त्याचं कौतुकही आपणच करतो. पण त्या सहांतला एकही तुमचं ऐकून घेत नाही. त्यांना मदत करायची असते, तुमचं काय बिघडलंय हे कळून घ्यायचं नसतं. त्यातल्या एका पोरानं व्हिडिओ काढला. तो आता गल्लीच्या ग्रुपवर आहे. झब्ब्याच्या पाठीवर घामाचा जो नकाशा उमटलाय, तो अक्कलकोट तालुक्यासारखा दिसतो, असं ज्यांनी लिहिलंय ते मला माहीत आहेत.

दरम्यान ही पुडा घेऊन रिक्षानं स्टँडवर गेली, एसटीत बसली आणि अक्कलकोटला पोचलीसुद्धा. बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तिनं संध्याकाळी मला तीनदा सांगितलं. कंडक्टर फार सज्जन होता, हेही.

आमची गाडी मात्र गल्लीच्या बरोबर मध्यावर, आणि मागं पाण्याचा टँकर येऊन थटलेला. टँकरवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. अण्णांचा चेहरा उजळला. “याच्या बॅटरीवरनं घे की!”

“हात लावू नका!” बॅटरीच्या दुकानातला पोरगा तेवढ्यात पोचला म्हणून वाचलो. असेल विशीतला, पायात स्लीपर, पुढ्यात पायाशी बॅटरी ठेवून स्कूटरवरून आलेला. “त्याची चोवीस व्होल्टची आहे काका, तुमची बारा. आतलं सगळं जळून जाईल.”

अण्णा म्हणाले, “तेच सांगायलो मी.”

पोरानं मीटर लावला. १०.८. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ दाखवते, बाराच्या खाली गेली की उतरलीच समजा, असं त्यानं मला मुलाची प्रगतिपुस्तकं वाटताना बाई बोलतात त्या आवाजात सांगितलं. मग लाल वायर अधिकला, अधिकवरून अधिकला; काळी त्याच्या बॅटरीच्या उणेला, आणि दुसरं टोक माझ्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या बोल्टला. ठिणगी उडालीच तर बॅटरीपासून लांब उडावी, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ज्या जागी अण्णांनी दूध ठेवलं होतं, तिथून. किल्ली फिरवली, गाडी सुरू. तीन मिनिटं लागली, साडेतीनशे रुपये.

“साहेब, तुम्ही दर रविवारी सुरू करून पाच मिनिटं उभी ठेवता ना?”

मी अभिमानानं हो म्हणालो. एसी लावून, रेडिओवर भक्तिगीतं ऐकत. वर्षभर एक रविवार चुकवला नाही.

“त्यानंच मेली.”

उभ्या गाडीत चार्जिंग जेमतेम होतं. सेल्फ मारताना जे गेलं ते भरून येण्याआधीच एसी आणि रेडिओ हात धुऊन घेतात. गाडी बंद असली तरी घड्याळ, लॉक, अलार्म हे थोडं थोडं चाटतच असतात; दिवसाला एक अँपिअर-अवर धरा, आणि माझी बॅटरी आहे ३५ची. महिनाभरात खडखडाट. वर सोलापूरचं ऊन. बॅटरी थंडीत दगा देते असं आपण ऐकतो, पण तिला आतून म्हातारी करते ती उष्णताच. आणि उतरलेली तशीच ठेवली तर आत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती पुन्हा पूर्ण भरतच नाही. “चालवायची नसते तर घेता कशाला?” असं विचारून पोरगा गेला. साडेतीनशेत हा प्रश्नही धरलेला होता.

ही शिसं-ॲसिडची बॅटरी १८५९ सालची. म्हणजे सत्तावनचं बंड शमतं न शमतं तोवर तिकडं फ्रान्समध्ये प्लांते नावाच्या माणसानं केलेली. तेव्हापासून मोटारी कुठल्या कुठं गेल्या, आणि दारात उभी राहिली की उतरते ती मात्र ही अजून तशीच. लहानपणी वडिलांच्या साहेबांची अँबॅसिडर हँडल मारून सुरू झालेली मी पाहिलीय. हँडल उलटं फिरलं तर मनगट जायचं, म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. पण मनगट गेलं तरी ते आपल्या हिमतीवर गेलेलं असायचं. अण्णांच्या डबल बेलवर नाही.

आता उपाय सुरू आहेत. दहा नंबरचा पाना आणला आहे. बाहेरगावी जाताना उणेची वायर सोडतो, त्यामुळं घड्याळ दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. भिंतीला लावायचा चार्जर स्वस्तात मिळतो, पण गाडी गल्लीत आणि प्लग माडीवर. वायर खाली सोडली तर तिच्यावर कपडे वाळतील. तेव्हा राहिला सरळ मार्ग: आठवड्याला अर्धा तास गाडी नीट पळवायची. तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावापर्यंत आणि परत.

काल पहिला रविवार. चादरी काढल्या, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. एवढ्यात पुढचं दार उघडून अण्णा शेजारी बसले. हातात दळणाचा डबा. गिरणी तुळजापूर नाक्याकडंच आहे म्हणे, आणि येताना गुडघ्याच्या डॉक्टरांकडं दोन मिनिटं.

मी गिअर टाकला.

“थांब बे,” अण्णा म्हणाले. “इस्त्रीवाल्याची आई यायलीय. अन् ते समोरचेपण.”

दहा मिनिटं झाली. गाडी जागेवरच सुरू. अण्णांनी एसी वाढवला, रेडिओ लावला, आणि डॅशबोर्डवर एकच टिचकी मारून ठेवली.