आयकर विवरणपत्र आणि अपघाती मृत्यूची भरपाई : खुलासा

तीन वर्षे आयकर विवरणपत्र भरलेल्या व्यक्तीचा अपघाती मृत्यू झाल्यास सरकार वार्षिक उत्पन्नाच्या दहापट रक्कम देते, हा सातारा-कराड भागात फिरणारा संदेश चुकीचा आहे. त्यात उल्लेखलेल्या मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार वारसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो आणि भरपाई दोषी वाहनाचा मालक, बहुधा त्याची विमा कंपनी, देते. विवरणपत्र हा उत्पन्नाचा केवळ एक पुरावा आहे. परवा आमच्याकडे आलेल्या एका भगिनी, अपघातात गेलेल्या पतीचे विवरणपत्र नाही म्हणून हक्कच नाही असे समजून, पंचनाम्याची घडीही उघडत नव्हत्या. वास्तविक ऊसतोड मजुराच्या वारसांनाही दावा करता येतो. कायद्यातील मुदत अपघातापासून सहा महिने आहे. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.